बातमीतला शोध आणि खारघरला पोचलेला शोध

तुमचा प्रश्न असा: ठाण्यात सोसायटीच्या वाचनालयात आठवी-नववीच्या मुलांशी 'विज्ञानात सध्या काय चाललंय' यावर बोलायचंय. पेपरात दर आठवड्याला एखादा 'क्रांतिकारी' शोध असतो. त्यातले खरे कोणते धरायचे, आणि आपल्याकडचं त्यात काही आहे का?

आहे, आणि तुमच्यापासून फार लांबही नाही. पण आधी माझी नजर कुठली ते सांगतो. मी रबाळे एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, काम करतो. नवी प्रोसेस एकदा जमली म्हणून आमच्याकडे कोणी ती 'झाली' असं म्हणत नाही. सलग तीन बॅच स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादांत, उतरल्या, की मग म्हणतात. शोध लागणं हा अर्धा भाग. तो दुसऱ्याच्या हातून, मोठ्या प्रमाणावर आणि परवडेल अशा खर्चात होणं हा उरलेला अर्धा, आणि माझ्या मते तेही अस्सल संशोधनच आहे. मुलांपर्यंत हा दुसरा अर्धा भाग सहसा पोचतच नाही. तुम्ही तो पोचवावा असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात नवी मुंबईतल्या खारघरपासून करा. तिथे टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाचं ॲक्ट्रेक हे उपचार आणि संशोधन केंद्र आहे. जून २०२१ मध्ये तिथल्या बोन मॅरो ट्रान्सप्लांट विभागात देशातली पहिली कार-टी उपचारपद्धती, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगावर सोडणं, एका रुग्णावर वापरली गेली. आपल्या रक्तातल्या टी-पेशी संसर्ग झालेल्या पेशी ओळखून मारतात. कर्करोगाची पेशी मात्र आपल्याच शरीरातली, त्यामुळे ती बऱ्याचदा त्यांच्या तावडीतून निसटते. म्हणून रुग्णाचं रक्त यंत्रातून फिरवून टी-पेशी वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवं जनुक घालतात. त्या जनुकामुळे पेशीच्या पृष्ठभागावर असा रिसेप्टर (पकड घेणारं प्रथिन) तयार होतो, की तो रक्ताच्या काही कर्करोगांतल्या पेशींवरचं सीडी-१९ हे प्रथिन बरोबर पकडतो. मग या पेशी वाढवायच्या, तपासायच्या आणि रुग्णाला परत द्यायच्या.

हे सगळं वाचताना मी अडकलो तो 'तपासायच्या' या शब्दापाशी. आमच्या एका बॅचमधून लाखो गोळ्या निघतात. सँपल घेतो, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) लावतो, नापास झाली तर बॅच बाजूला काढून नवी घेतात. कार-टीमध्ये प्रत्येक रुग्ण म्हणजे एक स्वतंत्र बॅच. कच्चा माल त्याच्याच रक्तातला, तोही आधीच्या केमोथेरपीने दमलेला. बॅच नापास झाली तर पुन्हा रक्त घेऊन पहिल्यापासून सुरू करायला त्या माणसाकडे वेळ असेलच असं नाही. हे उपचार इतके महाग का, याचं मोठं उत्तर इथे आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळालेल्या पहिल्या कार-टी औषधाची किंमत ४,७५,००० डॉलर होती.

आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलबरोबर जे केलं ते या पार्श्वभूमीवर बघा. मूळ कल्पना परदेशातली, पण रिसेप्टर त्यांनी इथे नव्याने घडवला. उंदराच्या अँटिबॉडीपासून घेतलेला त्याचा भाग मानवी प्रथिनासारखा करून घेतला, गंभीर दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्या या उपचाराला, नेक्सकार-१९ला, मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ते रुग्णांसाठी खुलं झालं. इतर उपचारांना दाद न दिलेल्या ६४ रुग्णांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्यातला परिणाम मोजता आला त्यांच्यापैकी ७३ टक्के रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिला. खर्च तीस-चाळीस लाखांच्या घरात, म्हणजे परदेशाच्या मानाने फारच कमी. तरी आपल्याकडच्या बहुतेक घरांना न पेलणारा. हेही मुलांना सांगा.

रसायनशास्त्रातून मी मॉफ (मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क) घेईन. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू यांची पोकळ जाळी. एका ग्रॅममध्ये हजारो चौरस मीटर पृष्ठभाग. त्यासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना २०२५चं नोबेल मिळालं. पण रॉबसन यांचं पहिलं काम १९८९चं! मधल्या काळात असे हजारो पदार्थ तयार झाले आणि त्यातले पुष्कळ पाण्याची वाफ लागली की ढासळायचे. जुलैत आमच्या डेसिकेटरमधलं (नमुने कोरडे ठेवायच्या भांड्यातलं) ओलावा शोषणारं निळं सिलिका जेल बघता बघता गुलाबी पडतं, त्यामुळे हे दुखणं मला चांगलं कळतं. कारखान्याच्या चिमणीतल्या दमट धुरातून फक्त कार्बन डायऑक्साइड टिपायचा म्हणजे खायचं काम नाही. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातलं कॅल्फ-२० हे मॉफ ते करतं. जस्त, ऑक्झॅलिक ॲसिड आणि ट्रायाझोल ही त्यातली सामग्री, कुठल्याही केमिकल सप्लायरकडे मिळणारी. म्हणूनच आज ते टनांच्या हिशोबात बनतं आणि सिमेंट कारखान्याच्या धुरावर त्याची चाचणीही झाली आहे. मला विचाराल तर या क्षेत्रातला सगळ्यात देखणा पदार्थ हाच.

न टिकलेला एक दावाही जरूर सांगा. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातून बातमी आली, की एलके-९९ नावाचा पदार्थ साध्या तापमानाला अतिवाहक आहे, म्हणजे विजेला अजिबात विरोध करत नाही. तो बनवून पाहायला जगभर लोकांनी भट्ट्या पेटवल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने तो पदार्थ लगेच बनवून पाहिला. अतिवाहकता दिसली नाही. पुढे उलगडा झाला तो असा: नमुन्यात कॉपर सल्फाइडची भेसळ उरली होती. १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास त्या भेसळीची रचना बदलते आणि विरोध एकदम घसरतो. जर्मनीत शुद्ध स्फटिक वाढवले, तर ते चक्क विद्युतरोधक निघाले. अशुद्धी तपासणं हेच ज्याचं पोट भरायचं काम, त्याला यापेक्षा सुंदर गोष्ट दुसरी कुठली असणार? आणि हे सगळं काही आठवड्यांत उघड्यावर झालं.

भौतिकशास्त्रातली मोठी बातमी डिसेंबर २०२२ची. कॅलिफोर्नियात लेसरने २.०५ मेगाज्यूल ऊर्जा लक्ष्यावर टाकली आणि अणुसंमीलनातून, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं एकत्र येण्यातून, ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. घटना ऐतिहासिकच, पण ते लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती. तेवढं सांगून पुढे जा. त्याऐवजी पुन्हा खारघरला या: ॲक्ट्रेकमध्येच प्रोटॉनने उपचार करणारं केंद्र आहे, मे २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेलं. क्ष-किरण शरीर भेदून पलीकडे जातात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतो आणि थांबताना सर्वाधिक ऊर्जा सोडतो, त्यामुळे गाठीमागचा निरोगी भाग वाचतो. लहान मुलांच्या बाबतीत याचं मोल फार. रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने ही कल्पना १९४६ मध्ये मांडली होती.

मुलांनी 'आता पुढे काय?' विचारलं, तर कार-टीकडेच वळा. पेशी बाहेर न काढता, रुग्णाला इंजेक्शन देऊन शरीराच्या आतच टी-पेशी बदलण्याचे पहिले प्रयोग माणसांवर सुरू झालेत. २०२५ मध्ये चीनमधून मोजक्याच रुग्णांचे निष्कर्ष आले. ते मोठ्या संख्येत टिकले, तर माणसागणिक वेगळी बॅच काढायची गरजच उरणार नाही आणि खर्चाचं सगळं गणित बदलेल. सध्या माझं सगळ्यात जास्त लक्ष तिकडे आहे.