एलटीसी, दुकानांवरच्या पाट्या आणि जप्त न झालेलं पिस्तूल

डॅलसजवळ स्वतःचं छोटं दुकान, ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलेलं, रात्री रोकड घेऊन घरी जाताना कमरेला पिस्तूल असावं असा विचार. त्यावर तुमचे दोन प्रश्न: दुसऱ्याच्या दुकानात शिरताना काय नियम, आणि पोलिसाने गाडी थांबवली तर काय करायचं. माझंही एकेकाळी अगदी हेच चाललं होतं, म्हणून जरा लांबण लावतो. आधीच सांगतो, मी वकील नाही. ह्यूस्टनकडे राहतो, एलटीसी (लायसन्स टू कॅरी, म्हणजे पिस्तूल जवळ बाळगण्याचा राज्याचा परवाना) बरीच वर्षं आहे आणि हे सगळं फक्त टेक्ससपुरतं आहे. इथली विधानसभा दर विषम वर्षी भरते आणि काही ना काही बदलून जाते, तेव्हा आजचा नियम डीपीएसच्या (हा परवाना देणारं राज्याचं सार्वजनिक सुरक्षा खातं) साइटवर बघूनच घ्या.

कुठलं पिस्तूल, कुठलं होल्स्टर यात मी पडत नाही. त्यावर मत द्यायला इथे माणसांची कमतरता नाही.

पहिलं म्हणजे "आता लायसन्स लागतच नाही" हे ऐकून गप्प बसू नका. 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला लायसन्सशिवाय पिस्तूल बाळगता येतं, हे खरं. तरीही एलटीसी काढाच, असं माझं स्पष्ट मत आहे. फी 40 डॉलर, चार ते सहा तासांचा वर्ग, रेंजवर 50 गोळ्यांची परीक्षा, आणि चार-पाच वर्षं बघायला नको. हे का, ते पाट्यांपाशी कळतं.

दुकानाच्या दारावर पिस्तूल आत आणायला मनाई करणाऱ्या तीन प्रकारच्या पाट्या असू शकतात, नावं कायद्याच्या कलमांच्या आकड्यांवरून. 30.06 (सगळे "थर्टी-ओ-सिक्स" म्हणतात) लायसन्सधारकाच्या लपवलेल्या पिस्तुलासाठी, 30.07 त्याच्या उघड्या पिस्तुलासाठी आणि 30.05 बिनलायसन्सवाल्यांसाठी. पहिल्या दोन पाट्यांवरचा मजकूर कायद्याने ठरवून दिलेला आहे: इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, अक्षरं किमान एक इंच उंच, ठळक दिसतील अशी. पिस्तुलावर लाल काट मारलेलं ते छोटं स्टिकर लायसन्सधारकाच्या बाबतीत 30.06 ची सूचना ठरत नाही. बिनलायसन्सवाल्याला मात्र तेवढ्यावरही अडकवता येतं. म्हणजे तेच दार आणि तेच स्टिकर, पण खिशात एलटीसी असली तर कायदा वेगळा लागू होतो.

पाटी चुकून दिसली नाही तर लायसन्सधारकाला जास्तीत जास्त 200 डॉलर दंड. पण मालकाने किंवा मॅनेजरने तोंडी "बाहेर जा" म्हटलं आणि तुम्ही हुज्जत घालत उभे राहिलात, तर तोच क्लास ए गुन्हा होतो: वर्षभर कैद, 4000 डॉलरपर्यंत दंड. तेव्हा पाटी कायद्याप्रमाणे बरोबर आहे की चूक हा वाद दारात घालू नका. "सॉरी" म्हणा, निघा, दुसरीकडे दूध घ्या. दारू विकून निम्म्याहून जास्त कमाई करणाऱ्या बारवर लाल रंगात "51%" लिहिलेलं असतं. तिथे एलटीसीही चालत नाही, आणि तो गुन्हा किरकोळ नाही.

हे 200 डॉलर अमेरिकन नागरिकासाठी किरकोळ असतील. आपल्याला तसा हिशेब करून चालत नाही. शस्त्रासंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे इमिग्रेशन कायद्यात हद्दपारीचं स्वतंत्र कारण आहे, आणि त्यात "छोटा गुन्हा" म्हणून आपोआप सुटका नाही. दंड भरणं म्हणजे बऱ्याचदा गुन्हा कबूल करणंच असतं. तसली नोटीस आलीच तर ऑनलाइन पैसे भरून मोकळं होण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करा. ही गोष्ट मला कुठल्याच वर्गात कोणी सांगितली नाही, कारण वर्गात मी सोडून सगळे इथेच जन्मलेले.

आता आपल्या लोकांचं. मंडळाचा गणपती, नाटक, दिवाळीचा कार्यक्रम, हे सगळं बहुतेक वेळा भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात असतं. कार्यक्रम मंडळाचा असला तरी इमारत शाळेची आहे, तिथे पिस्तूल न्यायचं नाही. पार्किंगमध्ये गाडीत कुलूप लावून ठेवलेलं चालतं. पण एलटीसी नसेल तर केंद्राचा कायदा आड येतो: शाळेपासून 1000 फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल घेऊन रस्त्याने जाणं हाच गुन्हा, आणि त्यातून सूट राज्याचं लायसन्स असलेल्याला. शहरात शाळेच्या 1000 फुटांत न येता गाडी चालवून दाखवा! देवळाचं वेगळं आहे, 30.06 ची पाटी नसेल तर लायसन्सधारकाला मनाई नाही. मी तरी नेत नाही. आरतीच्या गर्दीत कमरेला काय आहे याचं भान ठेवायचं की टाळ वाजवायचे?

पोलिसाने थांबवलं तर: दिवसा काच खाली, रात्री आतला दिवा लावलेला, दोन्ही हात स्टीअरिंगवर. त्याने ओळखपत्र मागितलं की ड्रायव्हिंग लायसन्ससोबत एलटीसी द्यायची, हा टेक्ससचा नियम आहे. तसंही लायसन्स तपासलं की एलटीसी आहे हे त्याला दिसतंच. "गन" हा शब्द तोंडातून आधी काढू नका. "माझ्याकडे लायसन्स टू कॅरी आहे, पिस्तूल उजव्या कमरेला आहे, कागद मागच्या खिशात आहेत, काढू का?" असं म्हणा आणि तो "हो" म्हणेपर्यंत हात हलवू नका. 2016 साली मिनेसोटात फिलँडो कॅस्टीलने आपल्याकडे शस्त्र आहे हे पोलिसाला शांतपणे सांगितलं होतं, त्याच्याकडे परवानाही होता, तरी काही सेकंदांत त्याला गोळ्या घातल्या गेल्या. तो पोलीस पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. कायदा आपल्या बाजूने असला तरी त्या खिडकीपाशी हातच बोलतात.

सुरक्षेसाठी गरज वाटली तर पोलीस तुमचं पिस्तूल काढून घेऊ शकतो, पण तुम्हाला जागेवरून जाऊ देण्याआधी ते परत द्यायचं असतं. माझ्या इतक्या वर्षांत प्रत्येक वेळी हे सभ्यपणे झालं. पोलिसांबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती एका खिडकीबद्दल. शहराचं नाव घेत नाही. सिग्नल तोडून आलेल्या एकाने माझ्या गाडीला धडक दिली, खांदा निखळला, अँब्युलन्स आली. अँब्युलन्समध्ये पिस्तूल नेत नाहीत. मेहुणा धावत आला होता, पण तो एच-वन-बीवर. नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याने शस्त्र ताब्यात ठेवणं हाच केंद्राचा गुन्हा आहे (शिकारीच्या लायसन्सची पळवाट सांगणारे भेटतील, त्यांच्या भरवशावर राहू नका). ऑफिसरने त्याला द्यायला नकार दिला, आणि बरोबरच केलं. पिस्तूल "सेफकीपिंग" म्हणून पोलिसांच्या प्रॉपर्टी रूममध्ये (जमा वस्तूंच्या कोठारात) गेलं आणि माझ्या हातात पावती आली. माझ्यावर गुन्हा नाही, साधा ट्रॅफिकचा दंडही नाही.

परत घ्यायला गेलो तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, फॉर्मवर डिटेक्टिव्हची सही लागते. कुठला डिटेक्टिव्ह? केसचा. केस नाही. मग डिटेक्टिव्ह नाही, मग सही नाही, मग पिस्तूल नाही. पुढच्या खेपेला सही कशीबशी मिळाली, तर बॅकग्राउंड चेक (शस्त्र द्यायला कायद्याची आडकाठी नाही ना, ही नावावरून होणारी तपासणी) अडकला. पावतीवर माझं आणि आडनाव एवढंच, ड्रायव्हिंग लायसन्सवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून, आणि ग्रीन कार्डवर माझं नि वडिलांचं नाव सलग, जणू पहिलंच नाव. ही तिन्ही माणसं एकच आहेत हे सिद्ध करायची जबाबदारी माझ्यावर. पासपोर्ट नेला, भारतातला जन्मदाखला नेला. त्या दाखल्यावर माझं नावच नाही, फक्त "मुलगा". बाईंनी तो उलटसुलट करून बघितला आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं. नंतर कळलं की पावतीवरच्या सीरियल नंबरात शून्याच्या जागी इंग्रजी ओ लिहिला होता, म्हणजे कॉम्प्युटरात माझं पिस्तूलच नव्हतं.

गंमत बघा. टेक्ससची एलटीसी असली की पिस्तुलांच्या दुकानात खरेदीच्या वेळी वेगळा बॅकग्राउंड चेक लागत नाही. त्याच दिवशी रस्त्यापलीकडे जाऊन मी नवीन पिस्तूल घेऊन घरी येऊ शकलो असतो. स्वतःचं जुनं मात्र मिळत नव्हतं. दरम्यान "इतक्या दिवसांत नेलं नाही तर विल्हेवाट लावू" ही त्यांची नोटीस माझ्या जुन्या पत्त्यावर गेली. नवीन पत्ता डीपीएसकडे होता, पण त्या कार्यालयाला तो तिथून घ्यावासा वाटला नाही. शेवटी वकिलाचं एक पानी पत्र गेलं आणि खिडकी उघडली. त्या पानाचे पैसे पिस्तुलाच्या किमतीपेक्षा जास्त होते. गोळ्या "वेगळ्या दिवशी" मिळतील म्हणाले. त्या मी त्यांनाच ठेवायला सांगितल्या. असो, फार झालं.

म्हणून कोणी काही घेऊन जात असेल तर पावतीवरचा सीरियल नंबर तिथल्या तिथे वाचून घ्या, दुखत असलं तरी. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असा एक मित्र ठरवून ठेवा, जो फोन केल्यावर येईल. चेक वारंवार रखडत असेल तर एफबीआयच्या व्हॉलंटरी अपील फाइलमध्ये (आपली ओळख आधीच पटवून ठेवायची यादी) नोंद करून यूपिन नावाचा स्वतःचा ओळख क्रमांक घेता येतो, नावांच्या घोळात तो कामी येतो.

घरी आई-वडील किंवा सासू-सासरे व्हिजिटर व्हिसावर येऊन राहत असतील तर सेफचा कोड त्यांना सांगू नका, "रात्री एकट्या असतात" म्हणूनसुद्धा नाही. न्यू जर्सीला नातेवाईकांकडे जाताना पिस्तूल घरीच. ते राज्य दुसऱ्या कुणाचंच लायसन्स मानत नाही. लुइझियाना आपलं मानतं, पण तिथे पोलिसाला आपणहून सांगावं लागतं, विचारायची वाट बघायची नाही.

एलटीसीचा अर्ज अजून भरला नसेल तर आज रात्री ग्रीन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड टेबलावर शेजारी ठेवून नावं ताडून बघा. फरक दिसला तर आधी ड्रायव्हिंग लायसन्स दुरुस्त करून घ्या, मग अर्ज. आणि वडिलांचं नाव कुठे कसं आलंय ते इथे लिहा, पुढे काय करायचं ते तेव्हा सांगतो.