ट्रॅफिकला वाहतूक म्हणू की रहदारी? ओएलटीच्या निमित्ताने

प्रश्न असा आलाय: तालुक्याच्या गावी फायबर जोडणीचं काम शिकणाऱ्या मुलांसाठी एक जण मराठीत पुस्तिका लिहितायत. त्यातल्या एका प्रकरणाला त्यांनी नाव दिलंय "प्रवेश उपकरणांमधील वाहतूक व्यवस्थापन व मार्गनिर्धारण". ही उपकरणं म्हणजे मुख्यतः ओएलटी, एक्स्चेंजमधून फायबरवरून घरोघरी नेट पोचवणारा डबा. मुलांना ते वाचून काही उलगडत नाही, एकाने तर विचारलं की हे आरटीओचं प्रकरण इथे कसं आलं. तर ट्रॅफिक, राउटिंग, ॲक्सेस यांना नेमकं काय म्हणायचं, वाहतूक बरोबर की रहदारी, की सरळ इंग्रजीच ठेवायचं?

मी या कामात बरीच वर्षं काढली आहेत, आधी टेलिफोनच्या तांब्याच्या तारांवर आणि नंतर फायबरवर, आणि शब्दांचा नाद त्याहून जुना, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी ट्रॅफिक. आपण वाहतूक आणि रहदारी हे एकच समजून वापरतो, वाहतूक पोलीस म्हणतो, वाहतूक कोंडी म्हणतो, आणि त्याच तोंडाने रहदारीचा रस्ता म्हणतो. पण जरा कान देऊन ऐका. वाहतूक म्हणजे वाहून नेणं, उसाची वाहतूक, वाळूची वाहतूक, म्हणजे काहीतरी माल आहे आणि तो इथून तिथे गेला. रहदारी म्हणजे ये-जा. चाळीच्या जिन्यावर दिवसभर रहदारी असते, तिथे कोणी माल वाहत नसतं, पण जिना मोकळा नसतो. टेलिफोनवाल्यांचा ट्रॅफिक हा शब्द मुळात या दुसऱ्या अर्थाचा आहे.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा डॅनिश गणिती होता. त्याने १९०९ साली टेलिफोनच्या ट्रॅफिकचं गणित मांडलं आणि १९१७ साली किती लाइनी ठेवल्या तर किती लोकांना बिझी टोन ऐकावा लागेल याचं सूत्र दिलं, आणि आजही या मोजमापाच्या एककाला एर्लांगच म्हणतात. एक लाइन तासभर सलग गुंतलेली असली की झाला एक एर्लांग. तासाभरात ३ मिनिटांचे १० कॉल झाले तर लाइन ३० मिनिटं गुंतली, म्हणजे अर्धा एर्लांग. आता यात कोण काय बोललं, किती बोललं याला जागाच नाही, फक्त लाइन किती वेळ गुंतली तेवढं मोजायचं. पूर्वी आपल्याकडे "लाइन एंगेज आहे" म्हणायचे तो हाच गुंतलेपणा. याला वाहतूक म्हटलं की अर्थ निसटतो, रहदारी म्हटलं की बरोबर बसतो.

आणि हा फरक नुसता शब्दांचा कीस नाहीये, कामात रोज नडतो. एखाद्या वाडीवरचं नेट रात्री ९ वाजता रडतं आणि ऑफिसातला माणूस महिन्याचा आकडा बघून म्हणतो की एवढा कमी डेटा जातोय, तिथे लोड येईलच कसा. महिन्यात किती जीबी गेले ही झाली वाहतूक. रात्री ९ ला एकाच वेळी किती घरं त्या पोर्टवर तुटून पडली ही झाली रहदारी. कोंडी होते ती रहदारीने होते, वाहतूक महिनाभर कमीच असली तरीसुद्धा. तेव्हा माझं म्हणणं, पुस्तिकेत दोन्ही शब्द ठेवा पण वेगवेगळ्या कामाला ठेवा. एकूण गेलेला डेटा म्हणजे वाहतूक, त्या घडीचा भार म्हणजे रहदारी. मराठीत दोन शब्द आयते आहेत तर एकावर दोघांचं ओझं कशाला टाकायचं.

रहदारीकडे माझा कल असण्याचं अजून एक कारण आहे आणि ते मला फार आवडतं. शब्द फारसीतून आलाय, राह म्हणजे वाट, राहदार म्हणजे वाटेवरचा पहारेकरी, आणि राहदारी म्हणजे त्या पहाऱ्यापायी घेतली जाणारी वाटेवरची जकात, मुघल अमदानीतल्या कागदांत हाच अर्थ आहे. म्हणजे आज ज्याला आपण नुसती ये-जा समजतो त्या शब्दाच्या पोटात वाटेवर उभा राहून कोण चाललंय, कुठे चाललंय ते बघणारा आणि मग पुढे सोडणारा माणूस आहे. आणि ओएलटी नेमकं तेच तर करतो! एक्स्चेंजमध्ये बसलेला तो डबा, त्याच्या एका फायबरवरून स्प्लिटर, म्हणजे उजेड वाटून देणारा फाटा, लावून ३२ किंवा ६४ घरं निघतात. घराकडून आलेल्या प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे डेटाच्या तुकड्यावर, व्हीलॅनचा शिक्का (कुठल्या गटातलं पॅकेट ते सांगणारा नंबर) आहे का ते तो बघतो, कनेक्शन जसं असेल तसा कधी स्वतः मारतो, आणि शिक्का चुकीचा असला तर पुढे सोडत नाही. शिक्क्याचा नंबर १२ बिटांचा, म्हणजे ४०९६, त्यातले दोन राखीव, उरले ४०९४. शिवाय त्याच शिक्क्यात ३ बिट अग्रक्रमाचे, म्हणजे आठ पायऱ्या, फोनचा आवाज वरच्या पायरीवर आणि साधं ब्राउजिंग खाली. तेव्हा ट्रॅफिक मॅनेजमेंटला रहदारी व्यवस्थापन म्हणण्यात मला एक शब्द जास्तीच वाटतो, व्यवस्था रहदारीत पहिल्यापासून आहेच.

तसाही व्यवस्थापन हा शब्द फार ढगळ आहे. शिकणाऱ्याला कळायला हवं की डबा नेमकं काय करतो. त्याची कामं वेगवेगळी करून सांगितली की शब्दही आपोआप सापडतात, आणि बरेचसे शेतात सापडतात.

खालच्या दिशेने, म्हणजे एक्स्चेंजकडून घराकडे, जीपॉनमध्ये (एका फायबरवर अनेक घरं जोडायची ही पद्धत) काम सोपं आहे. एकच उजेड सगळ्या घरांना जातो, सगळ्यांचा डेटा सगळ्यांच्या दारात पोचतो आणि घरातला ओएनटी, म्हणजे फायबरच्या घराकडच्या टोकाचा डबा, आपल्या नंबरचा तेवढा उचलतो, बाकीचा सोडून देतो. गावात दवंडी पिटली की ऐकू सगळ्यांना येते पण ज्याच्या नावाची असेल तोच उठतो, तसं. फरक एवढाच की इथे मजकूर कुलूपबंद असतो, शेजाऱ्याच्या कानावर पडला तरी त्याला उलगडत नाही. मी शिकवताना दवंडी हाच शब्द वापरतो आणि लगेच कळतं.

वरच्या दिशेने मात्र खरी गंमत आहे. ६४ घरांचा उजेड त्या एकाच फायबरमध्ये येऊन मिळतो, दोघांनी एकदम पाठवलं की दोघांचंही वाया. म्हणून ओएलटी प्रत्येकाला वेळ नेमून देतो. वेळेचे ठरलेले तुकडे, म्हणजे फ्रेम, सेकंदाला ८०००, म्हणजे १२५ मायक्रोसेकंदांची एक, आणि तेवढ्यात कुणी कधी सुरू करायचं आणि कधी थांबायचं ते ओएलटी सांगणार. इंग्रजीत याला ग्रँट म्हणतात, आणि मी मराठी नोट्समध्ये अनुदान असा शब्द वाचलाय, तो कृपा करून वापरू नका. आपल्याकडे शब्द आहे, पाळी. कालव्याचं पाणी ज्याने घेतलंय त्याला पाणीपाळी समजावून सांगावी लागत नाही.

आणि इथे तर आपलं सिंचनखातं दोन पद्धतींची नावंसुद्धा हातात देतं. पंजाब-हरियाणाकडे वारबंदी आहे, म्हणजे ज्याची जमीन जेवढी त्याला तेवढा ठरलेला वेळ, गरज असो नसो, वार आणि तास पक्का. आपल्या महाराष्ट्रात शेजपाळी. शेतकरी नमुना नंबर ७ भरून मागणी नोंदवतो, खातं मागण्या बघून पाळीचा कार्यक्रम लावतं, आणि पाणी शेवटाकडून सुरू करून वरपर्यंत देत येतात, ज्याचा नंबर आला त्याचं भिजवून होईपर्यंत पाणी त्याचं. आता ओएलटीकडे बघा. त्यातही दोन्ही आहेत. काही सेवांना ठरलेला वेळ कायमचा बांधून दिलेला असतो, घरातून काही येत नसलं तरी ती जागा त्याचीच, ही सरळ वारबंदी. आणि बाकीच्यांसाठी ओएनटी दर थोड्या वेळाने वर कळवतो की माझ्या रांगेत एवढा माल साठलाय, ओएलटी सगळ्यांच्या मागण्या बघतो आणि पुढच्या पाळ्या त्याप्रमाणे वाटतो. याला डायनॅमिक बँडविड्थ ॲलोकेशन म्हणतात, तोंडी डीबीए. मी याला मागणीची पाळी म्हणतो. गतिमान पट्टरुंदी वाटप असं लिहिलंत तर बरोबर असेल, पण एकाच्याही डोळ्यासमोर काही येणार नाही. मागणीची पाळी म्हटलं की पाटकरी डोळ्यासमोर उभा राहतो, हातात फावडं, एकाचं दार बुजवलं दुसऱ्याचं उघडलं. अर्थात पाणी वरून खाली येतं आणि इथे डेटा खालून वर जातोय, हे एकदा सांगून टाका म्हणजे गोंधळ नको, पाळीचं तत्त्व तेच.

मग पोलिसिंग आणि शेपिंग, ही जोडी शिकवताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो. दोन्हींचा हेतू एकच, ज्याने ५० एमबीपीएस वेगाचा प्लॅन घेतलाय त्याला ५० च्या वर जाऊ द्यायचं नाही. पोलिसिंगमध्ये वरचं आलेलं पॅकेट तिथल्या तिथे टाकून देतात. शेपिंगमध्ये ते थांबवून धरतात आणि जागा होईल तसं सोडतात, म्हणजे गळत कमी, पण उशीर होतो. पोलिसिंगला छाटणी म्हणा, एका शब्दात काम झालं. शेपिंगला कुणी आकार देणे म्हणतं, कुणी घडवणे, दोन्हींतून काही अर्थ लागत नाही. याचं जे मूळ चित्र इंग्रजी पुस्तकात देतात ते भोक पडलेल्या बादलीचं आहे, वरून कसंही ओता, खालून ठरल्या वेगानेच पडणार. आणि हे चित्र आपल्या देवळात टांगलेलं आहे की! महादेवाच्या पिंडीवर ते बुडाला भोक असलेलं तांब्याचं पात्र असतं त्याला गळती म्हणतात, काही ठिकाणी गळंती. पुजाऱ्याने कळशी भसकन ओतली तरी पिंडीवर धार तेवढीच. आणि पात्र भरलेलं असताना आणखी ओतलं तर काठावरून सांडणार, तसंच बफर, म्हणजे पॅकेट थांबवून ठेवायची जागा, भरला की शेपिंगमध्येही पॅकेट पडतातच. एकच अडचण आहे, पाइपची गळती असाही अर्थ आहे आणि फायबरच्या कामात तो अर्थ जवळचा, म्हणून मी गळंती असं अनुस्वारासकट लिहितो. हा शब्द रुजेल की नाही माहीत नाही, पण समजावून सांगायला याहून चांगलं मला काही मिळालेलं नाही.

रांग, अग्रक्रम, कोंडी हे शब्द ठीकच आहेत, बदलू नका. बफरला बफरच म्हणा.

आता राउटिंग. मार्गनिर्धारण हा शब्द वाईट नाही पण तुमच्या प्रकरणाच्या नावात तो चुकीच्या ठिकाणी आलाय असं मला वाटतं, कारण साधा ओएलटी बहुतेक वेळा राउटिंग करतच नाही. तो स्विचिंग करतो. कुठला मॅक ॲड्रेस (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख-नंबर) कुठल्या पोर्टमागे आहे याची एक यादी त्याच्याकडे असते, पॅकेट आलं की यादी बघितली आणि त्या दाराने सोडलं. त्याला जग कुठे आहे ते ठाऊक नसतं, आपल्या गल्लीतली घरं ठाऊक असतात. राउटिंग म्हणजे ज्या घराची ओळख नाही त्याच्यासाठीसुद्धा पत्त्याच्या रचनेवरून पुढची दिशा ठरवणं. हे मुलांना सांगायला पिनकोडसारखं उदाहरण नाही. १९७२ साली पिनकोड सुरू झाला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी, आपल्याच कोकणातले. गुवाहाटीच्या सॉर्टिंगवाल्याला कणकवली माहीत असायची गरज नाही, पहिला आकडा ४ दिसला की महाराष्ट्राकडची थैली, मग पहिले तीन आकडे बघून टपालाचा कुठला सॉर्टिंग जिल्हा, आणि शेवटचे तीन बघायची वेळ येते ती अगदी जवळ आल्यावर. आयपी ॲड्रेसचं राउटिंग असंच चालतं, सुरुवातीचा भाग बघून दिशा, बाकीचं पुढचा राउटर बघेल. आणि गावातला पोस्टमन नुसत्या नावावरून घर ओळखतो तो म्हणजे आपला ओएलटी, स्विचिंगवाला.

क्रियापद हवं असेल तर मार्गी लावणं घ्या. "प्रश्न मार्गी लागला" आपण रोज म्हणतो, तसं "राउटरने पॅकेट मार्गी लावलं". वाट लावणं याचा शब्दशः अर्थही तोच होता पण तो शब्द आता दुसऱ्याच अर्थाने रुळलाय, तिथे जाऊ नका. नाम म्हणून राउटिंग आणि स्विचिंग तसंच ठेवा, मुलं कामावर तेच ऐकणार आहेत आणि डब्यावरही तेच लिहिलेलं असणार.

ॲक्सेसला प्रवेश म्हणू नका, प्रवेश शाळेत असतो नाहीतर नाटकात. पोच म्हणावं असं एकाने सुचवलं होतं, मला आधी आवडलं, पण पोच म्हणजे मिळाल्याची पावती हाही अर्थ आहे आणि नेटवर्कमध्ये पॅकेट मिळाल्याचा जो उलट निरोप जातो त्यासाठी पोच हा शब्द इतका चपखल आहे की तो तिथेच राखून ठेवावा. ॲक्सेस राहू दे.

तेव्हा प्रकरणाचं नाव मी असं ठेवलं असतं: "ओएलटीवरची रहदारी: शिक्का, पाळी, रांग आणि छाटणी". आणि पहिलं वाक्य साधारण असं: "तुमच्या घरातल्या ओएनटीकडून निघालेलं पॅकेट आपली पाळी आली की ओएलटीपर्यंत जातं, तिथे त्याचा शिक्का तपासला जातो, आणि तिथून ते वरच्या राउटरकडे जातं, जो त्याला पुढे मार्गी लावतो." राउटिंगचं वेगळं प्रकरण करा, पिनकोडपासून सुरू करा.