आई-वडील आणि टीनएजर मुलांनी एकत्र बसून बघण्यासारख्या मालिका कोणत्या?

तुम्ही लिहिलंय की मुलगा 15 वर्षांचा आहे, जेवणाचं ताट उचलून खोलीत जातो आणि सगळ्यांना आवडेल असं टीव्हीवर काही सापडत नाही. दोन-अडीच वर्षांपूर्वी अमळनेरला आमच्या घरी हेच होतं. सासूबाईंची संध्याकाळची मालिका, ह्यांच्या बातम्या, आणि दोन्ही मुलं आपापल्या मोबाईलमध्ये. त्यानंतर आम्ही बरंच काही लावून पाहिलं, काही जमलं, काही फसलं. तेच सांगते.

सुरुवात 'गुल्लक'ने करा. उत्तरेकडच्या एका लहान शहरातलं मिश्रा कुटुंब आहे. वडील वीज खात्यात नोकरीला, दोन मुलगे, आणि दिवसभर बोलत-बोलत काम उरकणारी आई. आईचं काम आपल्या गीतांजली कुलकर्णीने केलंय. पहिला सीझन 2019चा आणि पाचच भागांचा, त्यामुळे मुलांना ओझं वाटत नाही. खून नाही, कारस्थान नाही. महिनाअखेरची ओढाताण, आगाऊ शेजारीण, मोठ्या मुलाची नोकरीची काळजी, एवढंच. दुसऱ्याच भागाला माझा मुलगा पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मम्मी, ही तूच!" मला ते लागलं थोडं. पण मी काही बोलले नाही, आणि तो दुसऱ्या दिवशी आपणहून येऊन बसला. म्हणून एवढं एक पाळा: मालिका चालू असताना "बघ, शिक जरा" हे म्हणू नका. आमच्या ह्यांनी एकदाच म्हटलं होतं, पोरगा ताट घेऊन उठला.

'पंचायत'ला तर आजीसुद्धा आमच्यात आल्या. ही 2020ची मालिका उत्तर प्रदेशातल्या फुलेरा नावाच्या काल्पनिक गावाची. त्यातला सचिव म्हणजे आपला ग्रामसेवक. निवडून आलेली प्रधान मंजूदेवी, कारभार मात्र तिचा नवरा बघतो. सासूबाईंनी दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "हाई ते आपलंच गाव शे!" मग त्यांनी त्यांच्या माहेरच्या गावची गोष्ट सांगितली. तिथेही सरपंच बाई, सही बाईंची, आणि खुर्चीत नवरा. मुलीने विचारलं, मग आरक्षणाचा उपयोग काय? त्यावर आमच्याकडे रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत हे मुलांना शाळेत शिकवलेलं होतं, पण त्याचा अर्थ त्यांनी पहिल्यांदा आजीकडून ऐकला. पहिल्या सीझनच्या शेवटी मंजूदेवी 26 जानेवारीला झेंडावंदन करते, तेव्हा आजींचे डोळे भरून आले होते. त्यात शिव्या आहेत, कुटुंबनियोजनाची एक घोषणा ऐकून थोडं अवघडायलाही होतं. पण 15 वर्षांच्या मुलाने त्या शिव्या बस स्टँडवर कधीच ऐकलेल्या असतात. आपण रिमोटकडे झेप घेतली की तोच क्षण मोठा होतो.

आता जिच्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं ती मालिका, 'कोटा फॅक्टरी'. माझी मुलगी अकरावीला डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या क्लाससाठी लातूरला गेली. फोनवर रोज "सगळं ठीक आहे". दिवाळीत घरी आली तेव्हा तिनेच ही मालिका लावली. पहिला सीझन 2019चा, जवळजवळ सगळा काळा-पांढरा. वैभव नावाचा मुलगा आयआयटीच्या क्लाससाठी इटारसीहून राजस्थानातल्या कोट्याला जातो. इटारसी म्हणजे आपल्या भुसावळच्याच लाईनवरचं, त्यामुळे ह्यांना तो लगेच जवळचा वाटला. क्लासमध्ये मुलांच्या बॅच पाडलेल्या असतात, वैभव खालच्या बॅचमध्ये पडतो, वर जाण्यासाठी तडफडतो. तो भाग संपल्यावर मुलगी पडद्याकडेच बघत म्हणाली, "आमच्याकडे पण अशाच बॅच आहेत. मी दोनदा खाली गेले."

आम्हाला काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं आता हे फीचा विषय काढतील. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं, "खालच्या बॅचचे सर कसे आहेत शिकवायला?" ती म्हणाली, "चांगले आहेत, जास्त वेळ देतात." मग मेसचं जेवण, खोलीतली मैत्रीण, रात्री झोप न लागणं, सगळं निघालं. समोर बसवून विचारलं असतं तर ती बोलली नसती. वैभवबद्दल बोलता-बोलता ती स्वतःबद्दल बोलली. त्या दिवसापासून फोनवर मी "टेस्टला किती पडले" हे पहिलं विचारत नाही.

आमचं फसलं ते दूरदर्शनच्या जमान्यातलं. 'मालगुडी डेज' ह्यांच्या लहानपणीची, आवडीची. मुलांना संथ वाटली, आणि "आमच्या वेळी" हे शब्द आले की ती मोबाईल काढतातच. त्यापेक्षा 'ये मेरी फॅमिली'चा पहिला सीझन लावा. 1998च्या उन्हाळ्यातलं जयपूरचं घर आहे. गोष्ट 12 वर्षांच्या मुलाच्या बाजूने सांगितलीय, म्हणून आमचा जुना काळही मुलांना चालला. मे महिन्यात भर दुपारी, पडदे ओढून, कूलरसमोर बसून आम्ही ती दोन दिवसांत संपवली.

मुलाला विज्ञानाची आवड असेल तर 'रॉकेट बॉईज', होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांच्यावरची. त्यातलं मेहदी रझा हे पात्र काल्पनिक आहे, ते आधी सांगू नका. माझ्या मुलाने ते स्वतः शोधून काढलं आणि पुढचा आठवडाभर प्रत्येक प्रसंग खरा की रचलेला हे तपासत बसला. प्रेमप्रसंग आणि सिगारेटी आहेत, तेवढं लक्षात ठेवा.

'हास्यजत्रा' आणि 'करोडपती' जेवताना बऱ्या. हसू येतं, उत्तरं ओरडता येतात, पण त्यातून गप्पा फार पुढे जात नाहीत.

रोज एकच भाग लावा, जेवणाच्या वेळी, आणि रिमोट मुलाच्या हातात द्या. पहिले दोन-तीन दिवस तो मोबाईल बघतच बसेल, बसू द्या. तुमचा मुलगा बाहेरगावी क्लासला जाणार असेल किंवा गेलेला असेल, तर मात्र सुरुवात 'गुल्लक'ने करू नका. आधी 'कोटा फॅक्टरी' लावा, आणि तुम्ही दोघंही घरी असाल अशाच रात्री लावा.