गाणं एकाचं, गळा दुसऱ्याचा

प्रश्न : काका, आजोळी शहापुरात माळ्यावर मामांच्या जुन्या रेकॉर्ड सापडल्या. एका लहान तबकडीवर ‘अ वर्ल्ड विदाउट लव्ह’ हे गाणं आहे, गाणारे पीटर अँड गॉर्डन. पण गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरात लेनन-मॅकार्टनी छापलंय. मामा म्हणतात, हे बीटल्सच आहेत, टोपणनावानं गायलेत. मला आवाज वेगळा वाटतो. खरं काय? आणि बीटल्सनं गायलं नसेल, तर एवढं गोड गाणं दुसऱ्याला दिलं कशाला?
— कॉलेजची विद्यार्थिनी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : पोरी, कान तुझे बरोबर. मामांनी वाचलंय तेही बरोबर, फक्त त्याचा अर्थ चुकीचा लावला. तबकडीच्या लेबलावर गाण्याच्या नावाखाली कंसात जे बारीक छापतात ते गाणं लिहिणाऱ्याचं आणि चाल लावणाऱ्याचं नाव. गाणाऱ्याचं नाव वेगळं आणि ठसठशीत असतं. आम्ही ऑर्केस्ट्रावाले आधी कंस वाचायचो, कारण पुढच्या कार्यक्रमाला त्याच माणसाचं दुसरं काय बसवता येईल ते त्यातनं कळायचं. मामांना सांग, कंसात बीटल्स या इंग्लंडच्या बँडमधले दोघे, जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी, आहेत, पण माईकपुढं पीटर अॅशर आणि गॉर्डन वॉलर आहेत.

आता दिलं कशाला, ते. पॉल मॅकार्टनीची त्या वेळची मैत्रीण जेन अॅशर. लंडनमधल्या विंपोल स्ट्रीटवर ५७ नंबरच्या घरात अॅशर कुटुंब राहायचं, आणि पॉल १९६३च्या अखेरीस त्याच घरात राहायला गेला. घर मोठं नमुनेदार. वडील रिचर्ड अॅशर डॉक्टर. नसलेलं दुखणं रंगवून सांगत दवाखाने फिरणाऱ्या रुग्णांच्या विकाराला ‘मुनशाउसेन सिंड्रोम’ हे नाव त्यांनी १९५१ साली दिलं. आई मार्गारेट ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य शिकवायच्या, आणि बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन तरुणपणी त्यांच्याकडंच शिकलेले. पीटर हा जेनचा भाऊ. म्हणजे बहिणीचा मित्र वरच्या मजल्यावर राहायला आलेला, आणि तो इंग्लंडात सगळ्यात जास्त खपणारी गाणी लिहिणारा. तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? पीटरनं तेच केलं. त्याला आणि गॉर्डनला ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा करार मिळाल्यावर त्यानं गाणं मागितलं.

हे गाणं पॉलनं लिव्हरपूलला असताना, सोळा वर्षांच्या आसपास लिहिलेलं. सुरुवातच ‘मला कोंडून ठेवा’ अशा अर्थाची. लेनन ती ओळ ऐकली की हसायचा, ‘बरं, ठेवला कोंडून, संपलं गाणं!’ असं. त्यामुळं बीटल्ससाठी ते बादच झालेलं. बिली जे. क्रेमर नावाच्या गायकाला देऊन पाहिलं. तो त्यांच्याच मॅनेजरचा, ब्रायन एप्स्टाईनचा माणूस, आणि १९६३ साली लेनन-मॅकार्टनीच्याच ‘बॅड टू मी’वर इंग्लंडात पहिल्या नंबरला गेलेला. त्यानंही नको म्हटलं. पीटरनं मात्र ते पूर्वी ऐकलं होतं आणि ते त्याच्या डोक्यात बसलं होतं. अडचण एवढीच होती, की गाण्याला मधला भाग नव्हता. आपल्याकडं अंतऱ्यानं चाल वर नेऊन आणतात तसा त्यांच्यात बहुधा आठ आवर्तनांचा एक तुकडा असतो, त्याला ब्रिज म्हणतात. पीटरनं तगादा लावून तो पॉलकडून काढून घेतला आणि जानेवारी १९६४मध्ये अॅबे रोडच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं.

पुढची गंमत मामांना नक्की सांग. २८ फेब्रुवारीला तबकडी आली आणि एप्रिलमध्ये इंग्लंडात पहिल्या नंबरला पोचली. त्या जागी आधी कोण होतं? बीटल्सच, ‘कान्ट बाय मी लव्ह’ घेऊन. आपणच टाकून दिलेल्या गाण्यानं आपल्यालाच गादीवरनं उठवलं! जूनमध्ये अमेरिकेतही ते पहिलं आलं.

आता गाणं देण्यात त्यांचं नुकसान झालं का, तर नाही. पीटर-गॉर्डन गातात ते अगदी सरळ, एकाला एक चिकटून, थोडं रडवेलं. त्या गाण्याला तेच हवं होतं. लेननच्या तोंडी ती पहिली ओळ चेष्टाच झाली असती. बीटल्सनं ते स्टुडिओत कधी बसवलंच नाही आणि मला तरी त्याचं वाईट वाटत नाही.

प्रश्न : रोलिंग स्टोन्सना सुरुवातीला बीटल्सनी गाणं दिलं होतं म्हणतात. हे दोघं तर एकमेकांचे दुश्मन की!
— एक वाचक, खानापूर

उत्तर : स्टोन्स हाही इंग्लंडचाच बँड, पण दुश्मनी वर्तमानपत्रांत जास्त होती. दिलं होतं, होय. गाणं ‘आय वॉना बी युवर मॅन’. स्टोन्सच्या मॅनेजरला लेनन आणि मॅकार्टनी रस्त्यात भेटले, तालमीच्या जागी गेले, अर्धवट गाणं ऐकवलं आणि तिथंच कोपऱ्यात बसून पुरं केलं. १ नोव्हेंबर १९६३ला स्टोन्सची तबकडी आली, बाराव्या नंबरपर्यंत गेली. त्याच महिन्यात बीटल्सच्या अल्बमवर ते ड्रमवाल्या रिंगोच्या आवाजात आलं. ‘चांगलं गाणं त्यांना थोडंच देणार होतो’ अशा अर्थाचं लेनन नंतर बोलला होता. बोलला तसंच आहे ते गाणं. पण स्टोन्सनी त्यावर गिटार अशी घासलीय की मी त्यांचंच ऐकतो.

प्रश्न : मी अभंग, गौळणी लिहितो, चालीही लावतो. चिकोडीकडच्या एका मंडळानं माझी गौळण स्पर्धेत गायली, त्यांचा नंबर आला. माझं नाव कुणी घेतलं नाही. आता एकजण मोबाईलवरच्या चॅनेलसाठी चार गाणी मागायला लागलाय. नाव नंतर घालू म्हणतो. द्यावीत का नकोत?
— एक भजनकर्ता, निपाणी

उत्तर : दादा, द्या. गाणी वहीत ठेवून त्यांना वाळवी लागते, दुसरं काही होत नाही. पण ‘नंतर’ हा शब्द ऐकला की पेन काढायचं.

आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हक्क देणं हे लेखी असावं लागतं, तोंडी नाही चालत. कागदावर कुठलं गाणं, कशासाठी, किती वर्षं, कुठल्या भागापुरतं आणि मोबदला काय, हे लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, भाग लिहिला नाही तर भारतापुरतं धरतो. गाणं नोंदवलेलं असलंच पाहिजे असं नाही. लिहिलंत त्या क्षणी ते तुमचं, तुमच्या हयातभर आणि पुढं साठ वर्षं वारसांचं. तरी पुरावा पाहिजे म्हणून वहीचं पान तारखेसकट फोटो काढून स्वतःला ईमेल करून ठेवा, चाल मोबाईलवर गाऊन ठेवा. २०१२च्या दुरुस्तीनंतर सिनेमात किंवा ध्वनिमुद्रणात गेलेल्या गाण्याच्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकाराचा वाटा काढून घेता येत नाही. ती गोळा करायला १९६९पासून आयपीआरएस नावाची संस्था आहे, तिचं सभासद होता येतं. आणि हक्क विकले तरी ‘हे मी लिहिलंय’ म्हणायचा अधिकार तुमच्याकडंच राहतो, तो कुणी विकत घेऊ शकत नाही. चार ओळींचा कागद आहे, एखाद्या वकिलाच्या नजरेखालनं घाला म्हणजे झालं.

कायदा झाला. आता भजनातला उपाय, जो कायद्याहून जुना आहे. तुकोबांच्या अभंगात शेवटी ‘तुका म्हणे’ येतं. पुरंदरदासांच्या पदात ‘पुरंदर विठ्ठल’ येतो. भीमसेन जोशींसारखा माणूस तिकडं कन्नड दासपदं आणि इकडं मराठी अभंग गाऊन गेला, लाखोंनी ऐकलं, पण शेवटच्या ओळीला कर्त्याची मुद्रा घेतल्याशिवाय त्यांनाही गाणं संपवता आलं नाही. लेबल फाटतं, कंस पुसतो, चॅनेलवाला विसरतो. मुद्रा गाण्याच्या पोटात बसलेली असते. तुमच्या गौळणीच्या शेवटच्या कडव्यात तुमचं नाव वृत्तात बसवून गोवा, आणि असं गोवा की काढलं तर यमक मोडेल. मग घेऊ दे कुठल्या मंडळाला नंबर घ्यायचा तो.

प्रश्न : माझं स्पष्ट मत आहे, की मोठं नाव असलं की काहीही खपतं. लेनन-मॅकार्टनी छापलं म्हणूनच ती गाणी दुसऱ्यांच्या आवाजात चालली. पटत असेल तर छापा.
— निवृत्त शिक्षक, संकेश्वर

उत्तर : गुरुजी, छापतो, पण अर्धंच पटलंय. हीच शंका खुद्द मॅकार्टनीला आली होती. म्हणून १९६६ साली त्यानं त्याच पीटर-गॉर्डनला ‘वूमन’ नावाचं गाणं दिलं आणि कंसात छापलं बर्नार्ड वेब. असा कुणी माणूस नव्हताच. अमेरिकेत गाणं चौदाव्या नंबरपर्यंत गेलं, इंग्लंडात अठ्ठाविसाव्या. म्हणजे नाव काढलं तरी गाणं मेलं नाही, पण पहिल्या नंबरलाही गेलं नाही. हिशेब तुम्हीच मांडा. गुपितही फार दिवस टिकलं नाही.

आपल्याकडं याहून सरस झालंय, आणि तेही संकेश्वरपासनं हाकेच्या अंतरावर, कोल्हापूरच्या चित्रपटात. भालजी पेंढारकरांच्या १९६०च्या दशकातल्या चित्रपटांना ‘आनंदघन’ या नावानं संगीत असायचं. ‘साधी माणसं’ला (१९६५) राज्य पुरस्कार मिळाला, संगीताचाही. व्यासपीठावरनं आनंदघन यांचं नाव पुकारलं तर कुणी उठेना, आणि मग सांगावं लागलं की आनंदघन म्हणजे इथं बसलेल्या लताबाई. ‘ऐरणीच्या देवा तुला’ची चाल त्यांची, शब्द जगदीश खेबुडकरांचे. बर्नार्ड वेबला बक्षीस कुणी दिलं नाही, आनंदघनांना मिळालं.

आणि नाव ओझं झाल्याचंही उदाहरण आहे. बी जीज हे तीन भाऊ, बॅरी, रॉबिन आणि मॉरिस गिब. १९७७च्या ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ या सिनेमानंतर जिथं जाल तिथं त्यांचाच आवाज. आमच्या ऑर्केस्ट्रात कॅम्पातल्या लग्नाला त्यांची दोन गाणी वाजल्याशिवाय जेवणं उठायची नाहीत. (बैलहोंगलकडं गेलो की तीच मंडळी कन्नड सिनेमातल्या राजकुमारची फर्माईश करायची, अकॉर्डियन तेवढं तेच.) पण १९७९मध्ये अमेरिकेत डिस्कोविरुद्ध लाट उठली आणि रेडिओवाल्यांना त्यांचं नाव नकोसं झालं. त्यांनी काय केलं? तोंड बंद ठेवलं आणि गाणी दुसऱ्यांना दिली. १९८०मध्ये बॅरी आणि रॉबिननं लिहिलेलं ‘वूमन इन लव्ह’ बार्बरा स्ट्रायसँडनं गायलं, अमेरिकेत पहिलं. १९८२मध्ये डिऑन वॉरविकसाठी ‘हार्टब्रेकर’. मग ‘आयलंड्स इन द स्ट्रीम’, नाव हेमिंग्वेच्या कादंबरीवरनं घेतलेलं. ते केनी रॉजर्सकडं गेलं. तो चार दिवस गात राहिला आणि शेवटी म्हणाला, मला हे गाणं आता आवडतच नाही. बॅरी म्हणाला, आपल्याला डॉली पार्टन पाहिजे. ती आली, दोघांनी गायलं आणि ऑक्टोबर १९८३मध्ये गाणं पहिल्या नंबरला. ज्या रेडिओला बी जीज नको होते, तो रेडिओ दिवसभर बी जीजच वाजवत होता!

इथं मला गळा महत्त्वाचा वाटतो, गुरुजी, नाव नाही. केनीच्या एकट्याच्या गळ्यात न बसलेलं गाणं दोघांच्या गळ्यात बसलं. आपल्या भास्करबुवा बखल्यांचंच बघा, स्वतः केवढे गवई. पण १९१६च्या ‘स्वयंवर’च्या चाली त्यांनी बालगंधर्वांच्या गळ्याकडं बघून बांधल्या, स्वतःच्या नाही. त्या चाली आजही गावागावांत गातात, आणि गाणारे नव्वद टक्के लोक बालगंधर्वांचं पद म्हणतात. बुवांचं नाव कंसात.

प्रश्न : वर विचारलेलं इंग्रजी गाणं हार्मोनियमवर निघेल का? माझी भाची मागे लागलीय.
— टिळकवाडीच्या विद्यार्थिनीचे मामा, शहापूर

उत्तर : दोघांची पत्रं एकाच पाकिटात आली, तिकीट वाचवलंत. निघेल की. मूळ पट्टी पांढरी तीन आहे, तुम्ही पांढरी एकला घ्या, सोपं जाईल. एक-एक सूर वाजवू नका, तीन बोटांनी कॉर्ड धरा आणि भाचीला गाऊ द्या. पहिली कॉर्ड सा-ग-प. दुसरी ग, कोमल ध, नी. तिसरी ध-सा-ग. पहिली ओळ एवढ्यावरच चालते. आता यातला एकच सूर कानानं धरा : पंचम, मग कोमल धैवत, मग शुद्ध धैवत. पांढरी पाच, काळी चार, पांढरी सहा, शेजारशेजारच्या तीन पट्ट्या. गाणं गोड लागतं ते त्या मधल्या काळ्या पट्टीमुळं. तिथं बोट अर्धी मात्राही उशिरा पडू देऊ नका, आणि भाता जोरात मारू नका.