चारांतला एक झाला, मग पुढचे तीन?

“चारांतून एकाले होते म्हणाले होते ना मॅडम? तं एक झाला. आता पुढचे तिन्ही चांगलेच होतीन.”

चंद्रपूर जिल्ह्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं समुपदेशन करताना हा हिशेब मी कितीतरी घरांतून ऐकला आहे. त्या दिवशी तो आजींनी मांडला. सोबत मुलगा, नऊ आठवड्यांची गरोदर सून आणि तिच्या मांडीवर चार वर्षांचा नातू. सातव्या महिन्यापासून त्याचे हातपाय सुजायचे, रात्र रात्र रडायचा. तपासणीत एसएस, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण निघाला. मग आईवडिलांचं रक्त तपासलं तर दोघंही एएस, म्हणजे वाहक. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातून प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य, घडवणाऱ्या जनुकाची आपल्याकडे जोडी असते, एक आईचं, एक वडिलांचं. एएस माणसाकडे एक चांगलं आणि एक बदललेलं, त्यामुळे त्याला सहसा काही त्रास नसतो. मूल होताना मात्र जोडीतलं एकच पुढे जातं. कोणतं जावं हे कोणाच्याच हातात नसतं.

असं तोंडी सांगून पोचत नाही. मी दोन वाट्या पुढे ठेवल्या, एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत एक चणा, एक वाटाणा. चणा चांगला, वाटाणा सिकलचा. “आजी, डोळे मिटून दोन्हींतून एकेक काढा.”

चणा आणि वाटाणा आला. “हा आईबापासारखाच, वाहक. आता दाणे परत टाका.”

“परत काऊन? हा तं झाला ना.”

सगळी गाठ इथेच आहे. “लेकरू झालं म्हणून आईच्या अंगातला वाटाणा संपतो का, आजी?”

त्यांनी दाणे टाकले, वाट्या हलवल्या. दुसऱ्यांदा दोन्ही वाटाणे. पुन्हा टाकले, पुन्हा दोन्ही वाटाणे. खोलीत कोणी बोललं नाही. मग आजीच हळू म्हणाल्या, “वाटीले काय मालूम, मांगच्या टायमाले काय निंघालं तं.”

याहून नेमकं मला कधी सांगता आलेलं नाही. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता २५ टक्के, वाहकाची ५० आणि पूर्ण निरोगीची २५. आधीचं मूल कसंही असो. अशा शंभर जोडप्यांना प्रत्येकी चार मुलं झाली, तर साधारण ३२ घरी एकही एसएस नसेल आणि २६ घरी दोन किंवा जास्त असतील. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या ग्रेगोर मेंडेलने १८६६ साली छापलेल्या प्रयोगांत वाटाण्याचे ७,३२४ दाणे मोजले होते: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले, जवळपास तीनास एक. पण एकेका झाडापुरतं पाहिलं तर एकावर ४३ गोल आणि सुरकुतलेले फक्त २, दुसऱ्यावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले. हजारो दाण्यांचं प्रमाण दोन लेकरांच्या घराला लावता येत नाही.

आजींचा पुढचा प्रश्न मला आधीपासून माहीत होता. “आमच्या खानदानात कोणालेच नाई. सुनेच्या माहेरूनच आलं ना हे?” सून खाली बघत होती. चार वर्षं ती हेच ऐकत आली असणार, आणि या एका बाबतीत मी आवाज मऊ ठेवत नाही. “एका वाटीतून दोन वाटाणे निघतात का? एक तुमच्या मुलाच्या वाटीतला आहे.” वाहकाला त्रास नसतो, म्हणून हा दाणा पिढ्यान् पिढ्या न दिसता चालत येतो. तो टिकला त्यालाही कारण आहे: एएस असलेल्या लेकरांना जिवावर बेतणाऱ्या फाल्सिपेरम प्रकारच्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यांनी तो ताप सोसला, तिथे सिकल जास्त आढळतो. यात पाप नाही, कोणाची चूक नाही.

मग फक्त नवराबायकोशी बोलले. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा घेऊन बाळाची तपासणी करता येते. गर्भपाताचा थोडा धोका असतो. तपासणी करायची की नाही, केली तर पुढे काय, ते ठरवणं त्या दोघांचं. न केली तरी जन्मानंतर लगेच बाळाचं रक्त तपासायचं. एसएस निघालाच तर लसी आणि औषधं वेळेवर सुरू झाल्याने खूप फरक पडतो. मोठ्या मुलाचं हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध मध्येच बंद पडलं होतं, ते डॉक्टरांना दाखवून पुन्हा सुरू केलं.

त्यांनी काय ठरवलं ते इथे लिहीत नाही, ते त्यांच्या घरचं आहे.

दहा दिवसांनी आजी पुन्हा आल्या, या वेळी धाकट्या मुलीला घेऊन. “हिचं लगन जुळत हाय. हिच्या वाटीत काय हाय ते पाहून द्या, मॅडम. आन् माह्यंबी रक्त घ्या.”