मुलं झोपली की चॉकलेट हवंच!

प्रश्न : दिवसभर मला गोडाची आठवणही होत नाही. रात्री दहाला मुलं झोपली, की मात्र चॉकलेट हवंच. पाळी जवळ आली की जास्तच. मैत्रीण म्हणते, मॅग्नेशियम कमी असेल, गोळ्या सुरू कर. करू का?

उत्तर : नुसत्या तल्लफेवरून गोळ्या नकोत. मॅग्नेशियम बदामात आणि भोपळ्याच्या बियांतही भरपूर असतं. पण त्यांच्यासाठी जीव कासावीस होतो, असं मला आहारतज्ज्ञ म्हणून आजवर कोणी सांगितलेलं नाही.

मिशेनर आणि रोझिन या अमेरिकी संशोधकांनी १९९४ मध्ये हे तपासलं होतं. तल्लफ आली, की लोकांनी कधी मिल्क चॉकलेट खायचं, कधी पांढरं, तर कधी कोको पावडर भरलेल्या कॅप्सूल गिळायच्या. कॅप्सूलमध्ये कोकोतलं थिओब्रोमिन, कॅफीन, मॅग्नेशियम सगळं होतं, तरी तल्लफ गेली नाही. मिल्क चॉकलेटने ती शमली. पांढऱ्यात कोकोची ही द्रव्यं जवळपास नसतात, तरी त्यानेही ती थोडी उतरली. मागणी जिभेची होती! चॉकलेटमधलं कोको बटर, म्हणजे कोकोतली चरबी, ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे तोंडातल्या उबेनेच, विरघळतं. त्यात साखर आणि तो वास. हे सुख गोळीत कुठून येणार?

पाळीचं म्हणाल, तर सगळं हार्मोन्सवर ढकलू नका. त्या दिवसांत चॉकलेट हवंसं वाटतं असं अमेरिकेतल्या बायका स्पेनमधल्या बायकांपेक्षा जास्त सांगतात. शरीरधर्म दोघींचा एकच. थकवा, चिडचिड खरीच असते. त्यावर चॉकलेट खायचं, हे मात्र आपण आजूबाजूला बघून शिकतो.

मला तुमची वेळ जास्त महत्त्वाची वाटते. रात्रीचं जेवण किती वाजता होतं? १९९९ मध्ये गिब्सन आणि डेझमंड यांनी काही जणांना दोन आठवडे फक्त भुकेल्या पोटी चॉकलेट खायला लावलं, काहींना भरल्या पोटी. पहिल्यांची तल्लफ वाढली, दुसऱ्यांची कमी झाली. तुम्ही सातला जेवत असाल, तर दहाला खरंच भूक लागत असणार, आणि तीच भूक चॉकलेटशी जोडली जात असणार. म्हणून चॉकलेट बंद करू नका. जेवण उरकल्यावर लगेच, ताटावरून उठण्याआधी, दोन तुकडे सावकाश खा. दहाचा निवांतपणा मात्र सोडू नका, तो तुमच्या हक्काचा आहे. फक्त तेव्हा हातात दुसरं काही आवडीचं असू द्या.

पाळी संपल्यावरही थकवा उरत असेल, तर डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन तपासून घ्या.