माझा शेवाळाचा अर्क अकार्बोजपेक्षा दहापट प्रभावी निघालाय. समुद्री शेवाळावरच पीएचडी करू का?

"अकार्बोजपेक्षा दहापट" वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले.

अकार्बोज हे डायबेटिसचं औषध; पिष्टाची साखर करणारं एन्झाइम, अल्फा-ग्लुकोसिडेज, ते अडवतं. तुमचं अल्फा-ग्लुकोसिडेज यीस्टचं असणार. स्वस्त पडतं, सगळे तेच घेतात. पण यीस्टच्या एन्झाइमवर अकार्बोजचा मुळातच फारसा जोर चालत नाही. तेच उंदराच्या आतड्याच्या एन्झाइमवर लावा, मग कळेल दहापट कोण ते.

मीही यातूनच गेलेय. मालवणला अमावास्येच्या सुकतीला खडकांवरून सरगॅसम हे तपकिरी शेवाळ काढायचं, सावलीत वाळवायचं, मेथॅनॉलमध्ये भिजवायचं. प्लेटमध्ये बिनअर्काच्या कंट्रोलच्या वेल, म्हणजे खळग्या, हळदीच्या पाण्यासारख्या पिवळ्याजर्द (एन्झाइम चालू असलं की रंग पिवळा होतो), माझ्या अर्काच्या नुसत्या फिक्कट तपकिरी. सर खूश! मला मात्र चैन पडेना. एकदा वैतागून कॅन्टीनचा कोरा, बिनसाखरेचा चहा गाळून घातला, तर त्यानेही एन्झाइम बंद पाडलं. मग अर्कासोबत बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं एक प्रथिन, घातलं आणि बराचसा पिवळा रंग परत आला. हिरड्याने कातडं कमावतात त्यातलाच हा प्रकार: टॅनिन दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, आणि तपकिरी शेवाळातली फ्लोरोटॅनिनं काही वेगळी वागत नाहीत.

सर म्हणाले, "अगं, प्रबंध तोंडावर आलाय आणि तुला आता खुसपटं सुचतायत?" बीएसएची रांग वगळली गेली. पेपर आला. पहिलं नाव माझंच आहे.

तेव्हा पीएचडी जरूर करा, पण बीएसए आणि ट्रायटन या डिटर्जंटचे कंट्रोल पहिल्या दिवसापासून लावा. अर्काला स्वतःचा रंग असतो, म्हणून प्रत्येक डोसचा ब्लँक (एन्झाइमशिवायचं मोजमाप) वेगळा. आणि गाइडना आधीच विचारा: कंट्रोलमध्ये रिझल्ट वाहून गेला तर तेही प्रबंधात लिहू द्याल ना? "बघू" म्हणाले तर गाइड बदला.

हो, सगळंच शेवाळ पोकळ आहे असं नाही. कोरियातल्या एक्लोनिया कावा या तपकिरी शेवाळातून डायेकॉल हे फ्लोरोटॅनिन शुद्ध स्वरूपात वेगळं काढून तपासलंय. शिवाय हे एन्झाइम आतड्यातच असतं, रेणू रक्तात पोचवण्याची कटकट नाही. फक्त घरातल्या डायबेटिसवाल्यांना शेवाळाची पूड चारू नका. त्यात आयोडीन भरपूर असतं, काही सरगॅसममध्ये आर्सेनिकही.

आणि सर, वाचत असाल तर: ती बीएसएची रांग अजून माझ्या वहीत आहे. चहाचीसुद्धा.